आजोबांचा डबा आणि माझी एक्सेल शीट

गेल्या शनिवारी काही लिहिलं नाही. गावी होतो, आणि डोक्यात एक वेगळंच प्रकरण घोळत होतं. आता लिहून मोकळा होतो.

तर झालं असं की आमच्या टीमचा रायगडचा ट्रेक ठरला. गाडी कुणी बघायची, जेवण कुणी बघायचं अशी वाटणी सुरू झाली आणि प्रथमोपचाराची पेटी माझ्या गळ्यात पडली. कारण काय, तर "तू गावाकडचा, तुला साप-विंचवातलं कळतं." आता मी तलवाड्याचा, तालुका गेवराई, जिल्हा बीड, हे खरं. पण दहावीनंतर गाव सुटलं, मग इंजिनिअरिंग, मग पुण्यात नोकरी. गावात जितके साप पाहिले त्यापेक्षा जास्त यूट्यूबवर पाहिलेत. तरी नाही म्हणवेना. लगेच एक्सेल शीट उघडली (आम्हाला दुसरं येतं काय?) आणि वस्तू, नग, किंमत असे कॉलम पाडले.

मध्ये दिवाळी आली म्हणून तलवाड्याला गेलो. आमचं जुनं माळवदाचं घर, त्यातल्या मधल्या खोलीत एक कोनाडा आहे. तिथे आजोबांचा पत्र्याचा डबा असतो. कधीकाळी त्यात लिमलेटच्या गोळ्या असाव्यात, कारण झाकणावर अर्धवट उडालेलं संत्र्याचं चित्र आहे. लहानपणी आम्हाला त्याला हात लावायची परवानगी नव्हती. आजोबा जाऊन आता बरीच वर्षं झाली, म्हणून या वेळी उघडला. आत होतं: कागदात गुंडाळलेलं दाढीचं अर्धं ब्लेड, हातभर सुती दोरी, टिंक्चर आयोडीनची वाळून गेलेली बाटली, आणि बुचाच्या एका बारक्या शिशीत काळपट जांभळे खडे. पोटॅशियम परमँगनेट. विहिरीत टाकतात ते.

आजीला विचारलं, हे काय? ती म्हणाली, "तुझी आत्या गेली ना, तवापासून ठेवायचे ते."

मला आत्या होती हे माहीत होतं. वडिलांच्या पाठची, लहानपणीच गेली, एवढंच. कशाने गेली हे कधी कुणी सांगितलं नव्हतं आणि मीही विचारलं नव्हतं. १९७४ साल. सहा वर्षांची पोर. पाऊस पडून गेला होता, संध्याकाळी सरपणातून काटक्या काढताना हाताला विंचू चावला. आधी खूप रडली. विंचू उतरवणाऱ्याला बोलावलं. दंडाला दोरी बांधली. मग तिला उलट्या झाल्या, घाम फुटला, कपडे भिजले इतका. हातपाय गार पडले. आणि रडायची थांबली.

"लेकरू गप झालं, आमाला वाटलं उतरला इच्चू," आजी म्हणाली.

रात्रीच बैलगाडी जुंपली आणि गेवराईची वाट धरली. पोचेपर्यंत तिला धाप लागली होती, तोंडाशी फेस आला होता. पहाटे गेली. दुसऱ्याच महिन्यात आजोबांनी हा डबा केला आणि पुढे शेतावर जाताना कायम सोबत नेला. आमच्या गावच्या डोंगरावर त्वरितादेवीचं देऊळ आहे. नवरात्रात लांबलांबून लोक येतात. देवीचं नाव त्वरिता, आणि पायथ्याच्या गावातून दवाखान्यात पोचायला तेव्हा अख्खी रात्र. असो.

पुण्याला परत आलो आणि वाचायला बसलो. शीट बाजूलाच राहिली.

आधी डब्याबद्दल. मला वाटलं होतं की ब्लेड आणि खडे हा गावठी प्रकार असणार. अजिबात नाही! तो थेट लंडनच्या रॉयल सोसायटीतून आलेला आहे. सर लॉडर ब्रंटन, सर जोसेफ फेरर आणि लिओनर्ड रॉजर्स या तिघांनी १९०४ मध्ये तिथे प्रयोग मांडले. यातले फेरर आणि रॉजर्स हे हिंदुस्थानात काम केलेले डॉक्टर. भारतातल्या विषारी सापांवरचा फेरर यांचा मोठा ग्रंथ १८७२ चा. यांचं म्हणणं साधं होतं. परमँगनेटमुळे सापाचं विष निकामी होतं, तर दंशाच्या जागी चीर द्या, खडे चोळा, वर दोरी आवळा. त्यासाठी ब्रंटन यांनी एक हत्यार काढलं: बोटाएवढी लाकडी नळी, एका टोकाला छोटं पातं, दुसऱ्या टोकाला खडे ठेवायची जागा. स्वस्त, खिशात मावणारं, कुणालाही वापरता येईल असं. म्हणजे आजोबांचा डबा हीच ती नळी, फक्त देशी पार्ट्स वापरून जोडलेली. साहेबाच्या खिशातून निघून तलवाड्याच्या कोनाड्यापर्यंत यायला तिला सत्तर वर्षं लागली, आणि तोवर डॉक्टरांचा तिच्यावरचा विश्वास उडालेला होता.

का उडाला, हे आमच्या धंद्यातल्या माणसाला लगेच कळेल. काचेच्या नळीत विष आणि परमँगनेट एकत्र केलं की विष खरंच मरतं. पण माणूस म्हणजे काचेची नळी नव्हे. विष स्नायूंत आणि लसिकेतून पुढे गेलेलं असतं, वरून खडे चोळून त्याच्यापर्यंत काही पोचत नाही. उलट मांस जळतं, चिरेतून जंतू जातात, आणि घोणस किंवा फुरसं चावलेलं असेल तर रक्त गोठतच नाही, त्यात तुम्ही हाताने आणखी एक जखम केलेली असते. थोडक्यात, वर्क्स ऑन माय मशीन. दोरीचंही तेच. घट्ट आवळली की खालचा हात किंवा पाय काळानिळा पडतो, आणि सोडली की अडलेलं विष एकदम वर जातं. आजच्या वैद्यकीय सूचना सरळ आहेत: चिरू नका, चोखू नका, बांधू नका, काही चोळू नका. अंगठ्या, कडी, घड्याळ काढा, फळकुटाला बांधून अवयव स्थिर ठेवा, माणसाला चालवू नका आणि दवाखाना गाठा.

म्हणजे माझ्या शीटमधल्या पहिल्या तीन ओळी डब्यातूनच आल्या, पण 'घेऊ नये' या कॉलममध्ये.

आता विंचू. आजीने सांगितलेली लक्षणं मी शोधत गेलो आणि एका नावापाशी येऊन थांबलो. डॉ. हिम्मतराव बावस्कर. 'बॅरिस्टरचं कार्टं' हे त्यांचं आत्मचरित्र घरी कुणाच्या तरी कपाटात पाहिलं होतं, वाचलं मात्र नव्हतं. १९७६ मध्ये हा तरुण डॉक्टर महाडजवळच्या बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात रुजू झाला. कोकणात लाल विंचू भरपूर. कौलात, पेंढ्यात, लाकडांत. दंश झालेले लोक यायचे, त्यात पोरं जास्त, आणि डोळ्यांदेखत मरायची. पुस्तकांत विंचवाचा विषय फारसा नव्हताच. बावस्करांनी तेच केलं जे आपण बग सापडत नसला की करतो (किंवा करायला हवं, पण करत नाही). लॉग लिहायला घेतला. रात्र रात्र पेशंटजवळ बसून नाडी, रक्तदाब, घाम, उलटी, श्वास, सगळं वेळेसकट टिपलं.

त्यातून निघालेला लेख १९८२ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये आला. त्यात धोक्याच्या आगाऊ खुणा दिल्या आहेत: उलट्या, दरदरून घाम, हातपाय गार पडणं, आणि पुरुष व मुलग्यांत लिंग ताठरणं. या दिसल्या की समजायचं, विष हृदयापर्यंत गेलं. नुसतीच भयंकर आग आणि ठणका असेल, बाकी काही नसेल, तर बहुतेक वेळा माणूस वाचतो.

मी हे वाचलं तेव्हा रात्रीचे दोन वाजले होते. लॅपटॉप बंद केला आणि बराच वेळ गॅलरीत उभा राहिलो. आजीने मला तीन खुणा ओळीने सांगितल्या होत्या. पन्नास वर्षं तिच्या डोक्यात त्या तशाच होत्या, कुठल्याही लॅन्सेटशिवाय. फक्त लेकरू गप झालं याचा अर्थ त्या रात्री सगळ्यांनी उलटा लावला होता.

आत नेमकं काय होतं, तेही समजून घेतलं. लाल विंचवाचं विष नसांमधले सोडियमचे दरवाजे उघडेच ठेवतं. त्यामुळे शरीर स्वतःचंच ॲड्रिनॅलिन आणि त्याच्या जातीची रसायनं बेसुमार ओतत सुटतं. रक्तवाहिन्या आवळतात, म्हणून हातपाय गार. रक्तदाब चढतो, हृदय त्या आवळलेल्या नळ्यांविरुद्ध पंप करून थकतं, आणि फुप्फुसांत पाणी भरतं. तो फेस म्हणजे हेच. मग बावस्करांनी विचार केला की आवळलेल्या रक्तवाहिन्या सैल करणारं औषध द्यावं. तसं एक औषध रक्तदाबासाठी बाजारात होतंच: प्राझोसिन. साधी, स्वस्त, तोंडाने घ्यायची गोळी. १९८६ मध्ये त्यांचा आणि त्यांच्या पत्नी डॉ. प्रमोदिनी यांचा प्राझोसिनवरचा लेख पुन्हा लॅन्सेटमध्ये आला. गंभीर दंशात पूर्वी शंभरातले तीसच्या आसपास दगावायचे. प्राझोसिन आल्यावर हा आकडा एकाच्या आसपास आला. पुढे विंचवाची लसही आली आणि २०११ मध्ये 'बीएमजे'त या दोघांनी दाखवलं की प्राझोसिनच्या जोडीला लस दिली तर पेशंट आणखी लवकर सावरतो. २०२२ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. हे सगळं महाडमध्ये बसून. आमचा ट्रेक ज्या गावावरून जाणार होता, तेच महाड!

ग्रुपवर हे टाकल्यावर अपेक्षेप्रमाणे मेसेज आला: "मग गोळ्या ठेवूया की बॅगेत. सर्पदंशाची लसपण ऑनलाइन मिळते का बघ." नाही बाबांनो. प्राझोसिनने रक्तदाब धाडकन खाली येऊ शकतो. त्यात माणूस उलट्या-घामाने सुकलेला असेल आणि उठून उभा राहिला, तर विंचवाआधी आपणच त्याला पाडू. कुणाला द्यायची, किती द्यायची हे डॉक्टर ठरवणार. सर्पदंशाची लस तर शिरेतून द्यावी लागते आणि तिची जीवघेणी ॲलर्जी येऊ शकते, तेव्हा समोर सगळी सामग्री हवी. भारतात २००० ते २०१९ या काळात वर्षाला सरासरी ५८,००० माणसं सर्पदंशाने गेली असा २०२० मधल्या एका मोठ्या अभ्यासाचा अंदाज आहे. लस बॅगेत नव्हती म्हणून ती गेली असं मला वाटत नाही. दवाखाना लांब, वाटेत मांत्रिक, आणि पोचेपर्यंत फार उशीर, हेच जास्त.

मग पेटीत घेतलं काय? गॉज, चिकटपट्टी, क्रेप बँडेज, त्रिकोणी झोळी, बेटाडिन, कात्री, पॅरासिटामॉल (ॲस्पिरिन नाही, रक्त पातळ करतं), शिट्टी, टॉर्च. शिवाय एक अल्ट्राव्हायोलेट टॉर्च, कारण तिच्या उजेडात विंचू हिरवट चमकतात आणि रात्री बूट कुठे ठेवलेत ते बघायला बरं. हा हट्ट माझा, शीटमध्ये नव्हता. वही-पेन्सिल, वेळ आणि लक्षणं टिपायला.

आणि ओआरएसची दहा पाकिटं. सह्याद्रीत साप-विंचवापेक्षा ऊन आणि पाणी संपणं जास्त माणसं आडवी करतं. या पाकिटाचीही गोष्ट थोर आहे. १९७१ मध्ये बांगलादेशातून निर्वासित आले, बंगालमधल्या बनगावच्या छावणीत कॉलरा पसरला आणि सलाईनच्या बाटल्या संपल्या. डॉ. दिलीप महालनबीस यांनी पिंपांत साखरेचं (ग्लुकोजचं), मिठाचं आणि सोड्याचं पाणी करवलं आणि नातेवाइकांनाच ते पाजायला सांगितलं. मृत्यू ३० टक्क्यांच्या आसपास होते, ते चारच्याही खाली आले. आज ज्या पाकिटासाठी आपण मेडिकलवाल्याशी सुट्ट्यांवरून वाद घालतो ते हे.

शीटची शेवटची ओळ वस्तूची नाहीच. पाचाडहून सगळ्यात जवळचा सरकारी दवाखाना कोणता, तिथे सापाची लस आत्ता शिल्लक आहे का (फोन करून विचारायचं, गृहीत धरायचं नाही), गाडी आणि ड्रायव्हर रात्री पायथ्याशीच थांबणार का, रेंज कुठे मिळते, आणि १०८. २०१४ पासून महाराष्ट्रात ही ॲम्ब्युलन्स आहे. ड्रायव्हरचे रात्रीच्या मुक्कामाचे जास्तीचे पैसे का द्यायचे, असा प्रश्न आला. मी म्हटलं, पेटीतली सगळ्यात महाग वस्तू तीच आहे, बाकी सगळं हजारात बसतं. दोघांनी नाकं मुरडली, पण पैसे जमले.

ट्रेक नीट झाला. एकाचा पाय मुरगळला, एकीला घोळाणा फुटला, ओआरएसची सात पाकिटं संपली. विंचू एकही दिसला नाही, अल्ट्राव्हायोलेट टॉर्चची सगळ्यांनी यथेच्छ टिंगल केली.

परत आल्यावर आजीला फोन केला. ब्लेड आणि खडे टाकून दे म्हणून सांगितलं, आणि का तेही सांगितलं. बावस्करांबद्दल सांगितलं. ते बिरवाडीला आले १९७६ मध्ये, हेही सांगून टाकलं. सांगायला नको होतं का, असं नंतर वाटलं. ती थोडा वेळ काहीच बोलली नाही.

मग म्हणाली, "कुठला म्हनलास त्यो डॉक्टर?"

"महाडला असतात. पण मूळचे देहेडचे, जालन्याकडचे."

"म्हंजे आपल्याच बाजूचा की रं."

डबा अजून कोनाड्यातच आहे. खडे तिने उकिरड्यावर टाकले, ब्लेडही. दोरी ठेवलीय म्हणते.