दुधाचे दात आणि गिरणीचा दाखला

नऊ वर्षांखालील मूल कापडगिरणीत कामास लावू नये, आणि तेरा वर्षांखालील मुलाकडून आठवड्यास 48 तासांहून अधिक काम घेऊ नये, असा कायदा इंग्लंडच्या पार्लमेंटाने 1833 साली मंजूर केला तेव्हा, ती नऊ वर्षे कोणत्या दप्तरावरून मोजावयाची, ह्या प्रश्नाकडे कायदा करणारांचे फारसे लक्ष गेलेले दिसत नाही. जन्माची सरकारी नोंद तेथे 1 जुलै 1837 रोजी सुरू झाली. म्हणजे त्या दिवशी जन्मलेले मूल गिरणीच्या दारात येईपर्यंत 1846 साल उजाडावयाचे होते. तोवर सारा कारभार सर्जनाच्या दाखल्यावर. मुलाची ताकद व रूप नऊ वर्षांच्या मुलासारखे आहे, एवढे त्याने लिहून दिले की काम भागे; आणि आईबापांस मजुरीची गरज, मालकास स्वस्त हातांची, त्यामुळे मुलाचे वय कमी ठरावे असे वाटणारे तेथे कोणी नव्हते.

अशा वेळी एडविन सॉन्डर्स नावाच्या तरुण दंतवैद्याने 1837 साली पार्लमेंटाच्या दोन्ही सभागृहांच्या सभासदांस उद्देशून एक पुस्तिका लिहिली. पोटभर अन्न न मिळालेल्या मुलाची उंची खुंटते, पण दातांचा क्रम सहसा चुकत नाही, हा तिचा मथितार्थ. सहाव्या वर्षाच्या सुमारास दुधाच्या शेवटच्या दाढेमागे कायमची पहिली दाढ निघते. तिच्यासाठी कोणताही दात पडावा लागत नाही, म्हणून पुष्कळ आयांना ती आल्याचा पत्ताही नसतो. पुढे खालचे मधले पटाशीचे दात हलू लागतात. आत वाढणारा नवा दात दुधाच्या दाताचे मूळच झिजवीत आणतो, म्हणून पडलेला दात हातात घेतला तर तो केवळ टोपीसारखा दिसतो. आणि त्याच्या जागी येणाऱ्या दाताची कड पहिली काही वर्षे तीन बारीक उंचवट्यांची असते. नवव्या वर्षाच्या आसपास पटाशीचे आठही दात येऊन चुकतात, आणि बाराव्या-तेराव्या वर्षी दुसरी दाढ येते. सर्जनाने ओठ वर करून पाहावयाचे ते एवढेच.

सॉन्डर्सने नऊ वर्षांची 708 मुले तपासली. काटेकोर नियम लावता त्यांतील 389 मुलेच कसोटीस उतरली. मग तीन दात पूर्ण आले असतील तेथे चौथाही आलाच असे धरावे, अशी मुभा त्याने घेतली आणि संख्या 530 वर नेली. ही मुभा शास्त्राची की वकिलीची, हे वाचकाने ठरवावे. मला तीत वकिलीचा अंश अधिक दिसतो. तेरा वर्षांच्या 338 मुलांपैकी मात्र 294 मुलांचे वय दातांवरून बिनदिक्कत सांगता आले. मुलींचे दात मुलांहून काहीसे आधी येतात, आणि दुधाची दाढ किडून अकाली गेली तर पुढचा क्रमही ढळतो. तरीही केवळ अंगलटीवरून ठोकून दिलेल्या वयापेक्षा हे अनुमान पुष्कळच बरे होते. सॉन्डर्स पुढे व्हिक्टोरिया राणीचा दंतवैद्य झाला आणि 1883 साली त्यास सर हा किताब मिळाला. कायद्याने मात्र 1844 साली नऊची मर्यादा आठवर उतरविली.

मुंबईच्या गिरण्यांस हा पेच जसाच्या तसा वारशाने आला. 1881 च्या फॅक्टरी अ‍ॅक्टाने सात वर्षांखालील मुलांस मज्जाव केला, 1891 साली ती मर्यादा नऊ झाली, 1922 साली बारा. आणि कोकण-देशावरून आलेल्या कुटुंबांजवळ जन्माचा कागद तर क्वचितच असे. आई सांगे ती साल अमुक दुष्काळाची, अमुक साथीची. म्हणून येथेही उंची, अंगलट आणि दात ह्यांवरच सर्जनाची भिस्त राहिली. ह्या व्यवस्थेला फसविण्याची एक रीत अशी की, अर्धवेळ कामाची मर्यादा चुकविण्यासाठी एकच मूल दोन गिरण्यांत दोन नावांनी दोन दाखले मिळवी आणि दिवसभर राबे. दोन्ही वेळा दातांनी वय बरोबरच सांगितलेले असे. फक्त कागदावरची नावे निराळी असत.