त्याच मुलांकडे पुन्हा पुन्हा

सरकारी तक्त्यांत मुले मोठी होत नाहीत. दरवर्षी पाचवीचा पट येतो. गतवर्षीच्या पाचवीतील मुलांचे पुढे काय झाले, हे त्यात शोधूनही सापडत नाही. असे तक्ते वाचण्यात केंद्र सरकारची नोकरी घालवल्यावर मला जेम्स डग्लस या ब्रिटिश डॉक्टरांविषयी विशेष आदर वाटतो.

मार्च 1946 मधील एका आठवड्यात ब्रिटनमध्ये प्रसूत झालेल्या 13,687 मातांच्या मुलाखती त्यांच्या पाहणीत झाल्या. मूळ प्रश्न प्रसूतीचा खर्च व सोयी एवढाच. पण डग्लस यांनी त्यांतील 5,362 मुलांची पाठ सोडली नाही. आठव्या, अकराव्या व पंधराव्या वर्षी चाचण्या घेतल्या.

1944 च्या कायद्यानंतर मूल ग्रामर शाळेत जाणार की नाही, हे अकराव्या वर्षीच्या परीक्षेवर ठरू लागले होते. परीक्षा सर्वांना एकच, म्हणून न्याय्य, अशी समजूत. (ही समजूत आपल्याकडेही अपरिचित नाही.) डग्लस यांच्या 1964 च्या 'द होम अँड द स्कूल' या ग्रंथाने दाखविले, की आठ ते अकरा या तीनच वर्षांत मध्यमवर्गीय व श्रमिक घरांतील मुलांच्या गुणांतले अंतर वाढले होते. शिवाय अगदी वरच्या श्रेणीतली मुले सोडली, तर समान गुण असूनही श्रमिकांच्या मुलांना त्या शाळांत जागा कमी मिळत. पुढच्याच वर्षी सर्वसमावेशक शाळांचा पुरस्कार करणारे परिपत्रक निघाले. त्याचा क्रमांक 10/65. आमच्या पेशातल्या माणसाला असे क्रमांक लक्षात राहतात. ते केवळ या ग्रंथामुळे निघाले, असे मात्र नव्हे.

अशा आकड्यांचा मोहही मोठा. 1970 साली जन्मलेल्या ब्रिटिश मुलांच्या नोंदींवरून लिऑन फाइनस्टाइन यांनी 2003 मध्ये एक आलेख मांडला. बाविसाव्या महिन्यात हुशार ठरलेली गरीब मुले दहाव्या वर्षापर्यंत मागे पडतात आणि मंद ठरलेली सधन मुले त्यांच्या पुढे जातात. दोन रेषा एकमेकींस छेदतात. राजकारण्यांना आणखी काय हवे? पुढे जेरिम व विग्नोल्स यांनी त्यातील सांख्यिकीय गोम दाखविली. एवढ्या लहान मुलाच्या एका चाचणीत नशिबाचा भाग बराच असतो. योगायोगाने वर गेलेले मूल पुढच्या चाचणीत आपल्या गटाच्या सरासरीकडे परततेच. म्हणजे छेदणाऱ्या रेषांचे श्रेय बरेचसे गणिताचे होते. गरीब व सधन यांच्यातली दरी मात्र खरीच होती, आणि माझ्या मते धोरणाला तेवढे पुरेसे होते.

आपल्याकडे अविभक्त आंध्र प्रदेशात 2002 पासून 'यंग लाइव्ह्ज' या अभ्यासाने सुमारे 3,000 मुलांचा पाठपुरावा केला. 1994-95 व 2001-02 अशा दोन पिढ्यांची मुले असल्याने, एकाच वयात धाकट्यांचे काय झाले व थोरल्यांचे काय, हे ताडून पाहता आले. खासगी शाळांकडे ओढा वाढला. तिथे पाठविताना मुलग्यांना झुकते माप मिळाले. पटावरच्या एकूण आकड्यांत ही गोष्ट दिसत नाही, कारण भाऊ व बहीण दोघेही 'दाखल'च असतात.

2022-23 पासून यू-डायस प्लसमध्ये विद्यार्थीनिहाय नोंद होऊ लागली. तिचे स्वागत करताना मला पश्चिम ओडिशातील बलांगीरकडून तेलंगणच्या वीटभट्ट्यांवर जाणारी कुटुंबे आठवतात. मूल दुसऱ्या राज्यात, दुसऱ्या भाषेत गेले, की नोंदीचा धागा तिथेच तुटण्याची भीती असते.