वऱ्हाडातला प्रतिवादी

बार्शीटाकळी अकोल्यापासून वीसएक किलोमीटरवर आहे. आज तिथे तहसील आहे, दिवाणी न्यायालयही आहे. शंभर वर्षांपूर्वी मात्र हे गाव अकोला तालुक्यात मोडे आणि कोर्टकचेरीचे काम निघाले की अकोला गाठावे लागे. पुण्याकडे ज्याला कोर्टाची ‘तारीख’ म्हणतात त्याला वऱ्हाडात ‘पेशी’ म्हणतात, आणि या शब्दाला शेतकऱ्याच्या घरात वेगळेच वजन आहे. पेशी म्हणजे एक बुडालेला दिवस, गाडीभाडे, अर्जनवीसाचे पैसे आणि वकिलाची फी. ती पेरणीत आली तर वावर मागे पडते, वेचणीत आली तर कापूस बोंडातच राहतो. न्याय मिळवायला किती खर्च येतो याचा हिशेब मांडायचा झाला तर तो कायद्याच्या पुस्तकातून नव्हे, इथून मांडावा लागतो. वऱ्हाडच्या कर्जबाजारीपणाचा इतिहास पाऊस, कापसाचे भाव आणि सावकाराचे व्याज यांतून सांगण्याची रीत आहे. ती चूक नाही, पण अपुरी आहे. याच इतिहासात दिवाणी कोर्टातला प्रतिवादी नावाचा एक माणूस आहे. त्याच्या भल्यासाठी पुन्हा पुन्हा कायदे झाले, आणि ते कायदे कोर्टात उभे राहून सांगणारा माणूस त्याला जवळपास कधीच मिळाला नाही.

१८५३ च्या तहाने निजामाने वऱ्हाड इंग्रजांच्या हवाली केला. मुलूख नावाला निजामाचा राहिला, म्हणून तिथे कायदे थेट लागू होत नसत. परमुलखावरच्या अधिकाराखाली ते एकेक करून आणले जात. १९०२ मध्ये कायमचा पट्टा झाला तरी हा कागदोपत्री परकेपणा सुटला नाही. या आयात कायद्यांतून दोन गोष्टी जोडीने आल्या: रयतवारी मोजणी आणि दिवाणी न्यायालय. मोजणीने कास्तकाराला जमिनीवर नाव मिळाले आणि ती गहाण टाकण्याचा, विकण्याचा हक्कही मिळाला. नेमक्या त्याच सुमारास अमेरिकेतल्या यादवी युद्धामुळे कापूस सोन्याच्या भावाने गेला. ज्याच्याकडे विकता येण्याजोगी जमीन आहे त्याला कर्ज द्यायला सावकार एका पायावर तयार होता. युद्ध संपले, भाव पडले, रोखे राहिले. साध्या रोख्याला तीन वर्षांची मुदत. हा नियम कर्जदाराच्या सोयीसाठी असावा असे वाचताना वाटते. प्रत्यक्षात मुदत संपत आली की सावकार जुने मुद्दल आणि व्याज एकत्र करून नवा रोखा लिहून घेई आणि व्याजावर व्याज चढे. जिथे नवा रोखा झाला नाही तिथे दावा. समन्स निघे, कर्जदार येत नसे, आणि एकतर्फी हुकूमनामा होई. मुंबई इलाख्यात १८७५ च्या दख्खनच्या दंग्यांनंतर नेमलेल्या आयोगाने अशाच एकतर्फी हुकूमनाम्यांवर नेमके बोट ठेवले होते. कर्जदार का येत नसे, याचे उत्तर अज्ञान एवढेच देऊन भागत नाही. रोख्यावर आपला अंगठा आहे हे त्याला ठाऊक होते. तिथे जाऊन बोलायचे काय, हे त्याला ठाऊक नव्हते.

बोलण्यासारखे मात्र पुष्कळ होते. दिवाणी प्रक्रिया संहितेचे १९०८ चे कलम ६० घ्या. हुकूमनाम्याच्या वसुलीत काय जप्त करता येणार नाही याची त्यात यादी आहे, आणि ती वाचताना एखादे घर डोळ्यांपुढे उभे राहते: अंगावरचे कपडे, स्वयंपाकाची भांडी, अंथरूण, धर्मरीतीप्रमाणे बाईने अंगावेगळे करू नये असे दागिने, कारागिराची हत्यारे, शेतकऱ्याची अवजारे, त्याची जनावरे, बियाणे आणि तो राहतो ते घर. हे ज्याने लिहिले त्याला शेतकऱ्याचे घर माहीत होते. पण दारात बेलिफ आल्यावर हे बैल जप्तीतून सुटतात असे कोणीतरी म्हणावे लागते, कोर्टात अर्ज द्यावा लागतो. गरिबासाठी याच संहितेत आणखी एक दार होते, ते म्हणजे नादार म्हणून दावा लावण्याची मुभा. त्याचे स्वरूप बारकाईने पाहण्यासारखे आहे. ती सवलत दावा लावणाऱ्याला होती आणि ती कोर्ट फीची होती, वकिलाची नव्हती. कर्जाच्या खटल्यात शेतकरी वादी नसतो; तो प्रतिवादी असतो. आपले म्हणणे मांडायला त्याला कोर्ट फी लागतच नाही, त्याला लागतो तो वकील. म्हणजे गरिबासाठी ठेवलेले दार त्या भिंतीत होते जिकडून हा गरीब कधी आतच येत नसे. १९७६ च्या दुरुस्तीने नादार पक्षकाराला वकील नेमून देण्याचा अधिकार न्यायालयाला दिला आणि प्रतिवादीच्या उलट मागणीलाही ही सवलत लागू केली.

हे आधी कोणाला सुचलेच नव्हते असे मात्र नाही. १८७५ मध्ये सुप्यापासून पेटलेल्या दंग्यांत शेतकऱ्यांनी सावकारांचे रोखे जाळले. त्यातून १८७९ चा दख्खन शेतकरी साहाय्य कायदा आला. पुणे, सातारा, सोलापूर, नगर या चार जिल्ह्यांपुरता. न्यायाधीशाने रोख्यावरचा आकडा न मानता व्यवहाराच्या मुळापासून हिशेब काढावा, ही त्याची तरतूद सर्वांना माहीत आहे. तिच्यापेक्षा मोलाचे, आणि जवळपास विसरलेले, त्याचे कलम ६९ आहे. शेतकऱ्याच्या विरुद्ध बाजूने वकील उभा असेल आणि शेतकऱ्याला योग्य वकील करण्याची ऐपत नाही असे न्यायाधीशाला वाटले, तर शेतकऱ्याच्या संमतीने त्याने सरकारी वकिलाला किंवा तयार असलेल्या दुसऱ्या लायक माणसाला त्याच्यातर्फे उभे राहायला सांगावे, असे ते कलम म्हणते. वकिलापुढे वकीलच हवा, एवढा साधा विचार. तो दिवाणी खटल्यासाठी होता आणि घटनेत मोफत कायदेशीर मदतीचे कलम येण्याच्या जवळपास शंभर वर्षे आधीचा होता. हा कायदा मुंबई इलाख्याचा. अकोल्याच्या कास्तकाराला त्याचा उपयोग नव्हता.

मध्यप्रांत-वऱ्हाडात कर्जदारासाठी कायदे व्हायला विसाव्या शतकाची तिशी उजाडली. पापळचे बॅरिस्टर पंजाबराव देशमुख यांच्या नावाशी जोडला जाणारा कर्जलवाद कायदा १९३३ चा, सावकारांना हिशेब ठेवून दरसाल कर्जदाराला उतारा द्यायला लावणारा कायदा १९३४ चा, आणि कर्जनिवारण न्यायालये नेमणारा १९३९ चा. सहा वर्षांत तीन कायदे. पुढचा कायदा करावा लागतो तेव्हा मागचा पुरेसा पडला नाही हे उघडच असते. लवाद मंडळाची सारी मदार सावकाराच्या राजीखुशीवर होती. हिशेबाचा उतारा घरी आला तरी तो चुकीचा आहे हे ओळखणार कोण आणि तसे कोर्टात म्हणणार कोण? याच वऱ्हाडात याच्या उलट नमुना मिळतो. १८९७ च्या कापूस व धान्य बाजार कायद्याने परवानाधारक मापारी आणि अडते आणले. बाजार चालवणाऱ्या समित्यांत भरणा व्यापाऱ्यांचाच होता, तेव्हा त्यांना शेतकऱ्याचे कैवारी म्हणण्याचे कारण नाही. पण काट्यापाशी उभा राहणारा, ज्याचा परवाना जाऊ शकतो असा एक माणूस कायद्याने नेमला होता. कापूस मोजताना जे सरकारला कळले, ते हक्क मोजताना कळले नाही.

सावकारीवर बंधने आली तसा सावकारीने वेष पालटला. गहाणखताऐवजी सरळ खरेदीखत. जमीन परत करण्याचा शब्द फक्त तोंडी. पैसे फेडले की वावर परत, असे ठरते, आणि कागद मात्र विक्रीचा होतो. १९२९ च्या दुरुस्तीपासून कायदा म्हणतो की परत देण्याची अट त्याच दस्तात लिहिलेली नसेल तर ते सशर्त विक्रीचे गहाण मानता येणार नाही. एवढेच वाचले तर शेतकऱ्याचा खेळ संपलेला दिसतो. पण १९८१ मध्ये गंगाबाई विरुद्ध छबुबाई या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की दस्त मुळातच विक्रीसाठी केलेला नव्हता, तो नुसता देखावा होता, हे दाखवायला तोंडी पुरावा चालतो. २०१४ च्या महाराष्ट्र सावकारी नियमन कायद्याने तर कर्जापोटी बळकावलेल्या जमिनीची चौकशी करून ती परत देण्याचा अधिकार जिल्हा उपनिबंधकाला दिला. म्हणजे वाट आहे. फक्त ती पुस्तकात आहे, आणि तिथून ती काढून ‘माझ्या अशिलाचे हे प्रकरण त्या निकालात बसते’ असे म्हणणे हे शिकलेल्या, सराव असलेल्या माणसाचे काम आहे. उपनिबंधकापुढच्या सुनावणीलाही सावकार वकील घेऊनच येतो, आणि त्याच्यावरचे अपील अमरावतीला जाते.

१९७६ च्या ४२ व्या घटनादुरुस्तीने कलम ३९-अ आले: पैशाअभावी न्याय नाकारला जाऊ नये. पुढे न्यायालयांनी या कलमात प्राण फुंकले ते मुख्यतः फौजदारी बाजूने. १९७८ चे होस्कोट प्रकरण महाराष्ट्रातलेच, १९७९ चे हुसैनारा खातून बिहारच्या तुरुंगांतले. तुरुंगात असलेल्या माणसाला वकील मिळालाच पाहिजे, यात दुमत होण्याचे कारण नाही. पण ज्याचे वावर हुकूमनाम्याने गेले त्याचेही आयुष्य हातून गेलेले असते, आणि त्याच्या हातात बेड्या नसल्याने ते कोणाच्या डोळ्यांवर येत नाही. १९८७ चा विधी सेवा प्राधिकरण कायदा ९ नोव्हेंबर १९९५ ला अमलात आला. तो दिवाणी-फौजदारी असा भेद करत नाही. तालुका पातळीवर न्यायाधीशाच्या अध्यक्षतेखाली समिती असते. कलम १२ प्रमाणे स्त्रिया आणि अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्तींना उत्पन्नाची अट नाही. या कलमाच्या यादीत नसलेल्या इतरांना महाराष्ट्रात वर्षाला ३ लाखांची मर्यादा आहे. कारखान्यातला कामगार त्या यादीत नावानिशी आहे. कास्तकार आणि शेतमजूर नाहीत. शेतकरी आत्महत्येनंतर सातबाऱ्यावर स्वतःचे नाव लावण्यासाठी दीर-सासऱ्यांशी झगडणारी बाई मात्र केवळ बाई म्हणून पात्र आहे. तिला हे सांगितलेले असते का, हा वेगळा प्रश्न. २०२२ पासून फौजदारी प्रकरणांसाठी पूर्णवेळ, पगारी बचाव वकिलांची व्यवस्था जिल्ह्याजिल्ह्यात उभी राहिली. दिवाणी बाजूला अजून पॅनेलवरचा वकील आणि त्याचे तुटपुंजे मानधन, एवढेच आहे.

दिवाणी प्रतिवादीला मोफत वकील द्यावा, या मागणीवर तीन आक्षेप नेहमी घेतले जातात. फुकट वकील दिला तर खटले वाढतील, हा पहिला. पण इथे वकील मागतो आहे तो खटला लावणारा नव्हे, ज्याच्यावर लावला गेला तो. त्याला वकील दिल्याने दावे वाढत नाहीत, एकतर्फी निकाल कमी होतात. उत्तर येणार हे माहीत असेल तर फुगवलेला आकडा टाकून दावा लावणाराही दोनदा विचार करील. दुसरा आक्षेप अधिक वजनाचा आहे: भांडणापेक्षा तडजोड बरी, लोकअदालत आहे की. लोकअदालतीचा निवाडा हुकूमनाम्याइतकाच पक्का असतो आणि त्यावर अपील नसते; म्हणूनच तिथे बसण्याआधी आपला हक्क किती हे माणसाला कळलेले असले पाहिजे. १९३३ च्या लवादाने हाच धडा दिला आहे. एका बाजूला हिशेब ठाऊक आणि दुसऱ्या बाजूला नाही, अशा तडजोडीला शरणागती म्हणावे. तिसरा आक्षेप जुन्या गावपंचायतीच्या आठवणीतून येतो: पाटलापुढे बसून तंटा मिटे, वकील लागत नसे. खरे आहे की त्या पंचायतीच्या हाती जमिनीचा लिलाव करण्याचे यंत्र नव्हते, म्हणून कर्जदार गावात टिकून राही. पण तिथे बाईचा आणि महारामांगाचा शब्द कितपत चाले? १९३२ मध्ये मुंबई विधिमंडळात ग्रामपंचायत विधेयकावर बोलताना डॉ. आंबेडकरांनी पंचायतीला न्यायदानाचे अधिकार देण्यास विरोध केला तो उगाच नव्हे. गाव ज्याच्या विरोधात आहे त्याला गावाबाहेरचा, आपल्या बाजूने बांधील असलेला माणूस लागतोच.

मोफत वकील निकृष्ट असतो, ही तक्रार मी आक्षेप मानत नाही. ती खरी आहे, आणि तिच्यावरचा उपाय वकील काढून घेणे हा नसून त्याला पुरेसा मोबदला आणि पूर्णवेळ काम देणे हा आहे. फौजदारी बाजूला हे करता येते हे सरकारने स्वतःच दाखवले आहे. तालुका समितीचे काम शिबिरांच्या संख्येवर मोजणे सोपे असते. त्याऐवजी एकच आकडा मागावा: वर्षभरात किती दिवाणी प्रतिवाद्यांचे लेखी म्हणणे समितीच्या वकिलाने मुदतीत दाखल केले. आणि समन्सच्या दर्शनी बाजूस, ठळक मराठी अक्षरांत, तालुका विधी सेवा समितीचा पत्ता आणि १५१०० हा क्रमांक छापावा. कारण समन्स हाती पडले की लेखी म्हणणे द्यायला ३० दिवस मिळतात, आणि कोर्टाने मुदत वाढवली तर ९०.