बाकी सिद्ध कोणी करायची?



सरकारी तिजोरीतून कुणाच्या हाती चुकून चार पैसे जास्त गेले, तर ते परत घ्यावेत, यात वाद नाही. तो पैसा अखेर जनतेचाच असतो. पण जास्त गेले, हे ठरवायचे कोणी आणि कोणत्या हिशेबाने? ऐकायला साधाच प्रश्न. ऑस्ट्रेलियात मात्र याच प्रश्नाने लाखो माणसांच्या जिवाला घोर लावला. त्याचीच ही हकीकत.

ऑस्ट्रेलियात देशभर बेकारभत्ता सुरू झाला तो १ जुलै १९४५ पासून. हा भत्ता विम्याच्या वर्गणीतून मिळत नाही. माणसाची प्राप्ती पाहून तो सरकारी महसुलातून दिला जातो. भत्ता घेणाऱ्याने आपली कमाई दर पंधरवड्याला कळवायची. ती ठरावीक रकमेच्या वर गेली, की त्या पंधरवड्याचा भत्ता कमी होतो. आता एवढा मोठा कारभार म्हटला की चुका व्हायच्याच. कधी घेणाऱ्याच्या, कधी कचेरीच्या. चूक निव्वळ कचेरीची असेल आणि माणसाने पैसे सचोटीने घेतले असतील, तर काही अटींवर वसुली माफ करण्याची सोय तिथल्या १९९१ च्या कायद्यात आहे.

१९९० नंतर भत्त्याचे आकडे प्राप्तिकर खात्याच्या आकड्यांशी ताडून पाहण्यात येऊ लागले. तफावत दिसली की अधिकारी चौकशी करीत, गरज पडली तर मालकाकडून पगाराचा तपशील मागवीत आणि मग बाकी काढीत. हे काम सावकाश चाले. पुढे सरकारला खर्च वाचवायचा होता. २०१५ मध्ये नवी पद्धत आधी थोड्या प्रमाणात करून पाहिली आणि २०१६ मध्ये सारे काम संगणकाच्या स्वाधीन केले. लोकांनी तिला नाव दिले ‘रोबोडेट’, म्हणजे यंत्राने काढलेले कर्ज.

यंत्राचा हिशेब कसा होता, पाहा. वर्षाची कमाई घ्यायची आणि तिला २६ पंधरवड्यांनी भागायचे. समजा, फळतोडणीचा एक मजूर आहे. आपल्याकडच्या ऊसतोडणी मजुरासारखे त्याचे काम हंगामी. १३ पंधरवडे त्याने दर वेळी हजार डॉलर मिळवले आणि उरलेले १३ पंधरवडे तो रिकामा बसून भत्त्यावर राहिला. त्याने सगळे खरे कळवले. पण यंत्राने १३ हजारांना २६ ने भागले आणि ठरवले, की हा गृहस्थ बारा महिने दर पंधरवड्याला ५०० डॉलर मिळवीत होता! म्हणजे रिकाम्या दिवसांतला भत्ता त्याने जादा घेतला. काढा बाकी!

पूर्वी वर्षाला सुमारे २० हजार चौकश्या होत. आता आठवड्याला तितकी पत्रे सुटू लागली. पत्रात मागणी असे, की हिशेब मान्य नसेल तर तुम्ही पुरावा आणा. पाच-सहा वर्षांपूर्वीच्या पगाराच्या चिठ्ठ्या कोण जपून ठेवतो? काहींचे तर मालकच धंदा बंद करून गेलेले. पुरावा आला नाही की यंत्राचा आकडा कायम. त्यावर अनेकांना दहा टक्के दंड, खासगी वसुलीवाल्यांचे फोन, आणि प्राप्तिकराचा परतावा परस्पर जप्त.

ही बाकी कायद्यात बसत नाही, असा निर्णय न्यायाधिकरणाचे सदस्य टेरी कार्नी यांनी २०१७ मध्येच दिला होता. सरकारने त्यावर अपील केले नाही आणि वसुलीही थांबवली नाही. अखेर नोव्हेंबर २०१९ मध्ये फेडरल न्यायालयात, अशी काढलेली बाकी बेकायदा आहे, हे सरकारला मान्य करावे लागले. मे २०२० मध्ये ७२ कोटी १० लाख डॉलर परत करण्याची घोषणा झाली. एकंदर सुमारे ४ लाख ३३ हजार माणसांवर १७६ कोटी डॉलरांहून अधिक खोटी बाकी काढली गेल्याचे २०२१ च्या निकालात नमूद आहे.

क्वीन्सलंडच्या माजी मुख्य न्यायाधीश कॅथरीन होम्स यांच्या चौकशी आयोगाचा अहवाल जुलै २०२३ मध्ये प्रसिद्ध झाला. नव्या पद्धतीसाठी आधी कायदा बदलावा लागेल, असा सल्ला २०१४ मध्येच सरकारी वकिलांनी खात्याला दिला होता, हे त्यात उघड झाले. आयोगापुढे दोन मातांनी आपल्या मुलांची कहाणी सांगितली. वसुलीच्या तगाद्यानंतर त्या तरुणांनी जीव दिला होता. पैसे परत करता आले. ही माणसे परत कशी यायची?

गावचा वाणीसुद्धा उधारी मागताना वही उघडून दाखवतो. कोणत्या दिवशी काय नेले, हे तो सांगतो, आणि मगच आपण पैसे काढतो. जो येणे मागतो त्यानेच हिशेब दाखवायचा, ही बाजारातली जुनी रीत. सरकार मोठे झाले, हिशेबाला यंत्र आले, म्हणून ती रीत बदलत नाही. खरोखर जादा गेले असेल ते जरूर परत घ्यावे. पण आधी वही दाखवावी.