लहान मेल-सर्व्हरवरील खातेदारांची नोंद : एक ऐतिहासिक आढावा

प्रस्तावना

ईमेलच्या इतिहासात संदेशवहनाची चर्चा पुष्कळ झाली आहे. आलेले टपाल कोणाचे हे ठरविणारी खातेदारांची यादी कोठे व कशी ठेवावी, हा प्रश्न मात्र तुलनेने उपेक्षित राहिला. प्रस्तुत लेखात या प्रश्नाचा मागोवा घेऊन लहान शिक्षणसंस्थांच्या दृष्टीने त्याचा विचार केला आहे.

भारतातील प्रारंभ

भारतातील शैक्षणिक संगणकजालाचा पाया १९८६ मध्ये एर्नेट प्रकल्पाने घातला. या प्रकल्पात मुंबईतील दोन संस्था होत्या : जुहू येथील नॅशनल सेंटर फॉर सॉफ्टवेअर टेक्नॉलॉजी व पवई येथील भारतीय तंत्रज्ञान संस्था. ईमेल ही या जालावरील आरंभीची सेवा होती. युनिक्स संगणकांमध्ये दूरध्वनीच्या तारेवरून यूयूसीपी पद्धतीने टपालाची देवघेव होई. सर्वसामान्यांसाठी इंटरनेट १५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगमाने खुले केले. युनिक्सच्या मूळ रचनेत ज्याचे संगणकावर खाते, त्याचीच टपालपेटी, असे सरळ समीकरण होते.

फाइलीतील नोंद

युनिक्समध्ये खातेदारांची नोंद एका साध्या फाइलीत, एका ओळीत एक खाते अशी असे. ती वाचणे व तिची प्रत काढणे सोपे होते. तथापि ही फाइल सर्वांना वाचता येई. म्हणून पासवर्ड मूळ रूपात न ठेवता उलट न उलगडणाऱ्या सांकेतिक रूपात ठेवण्याची पद्धत रूढ झाली. रॉबर्ट मॉरिस व केन थॉम्पसन यांनी १९७९ च्या निबंधात तिचे विवेचन केले. त्यांनी प्रत्येक पासवर्डला १२ बिटांच्या ‘सॉल्ट’ची जोड दिली, त्यामुळे एकाच पासवर्डची ४०९६ रूपे संभवू लागली. संगणकांचा वेग वाढल्यावर हेही अपुरे पडले आणि सांकेतिक रूपे केवळ व्यवस्थापकाला वाचता येणाऱ्या ‘शॅडो’ फाइलीत गेली. एक दोष मात्र उरला : केवळ टपाल पाहणारा प्राध्यापकही संपूर्ण संगणकाचा वापरकर्ता ठरत असे.

डिरेक्टरी आणि डेटाबेस

१९८८ मध्ये एक्स.५०० हे डिरेक्टरीचे आंतरराष्ट्रीय मानक आले. ते अवजड होते. त्याचे सुटसुटीत रूप, एलडीएपी, १९९३ मध्ये प्रसिद्ध झाले व मिशिगन विद्यापीठात विकसित झाले. एकाच यादीवर अनेक सेवा चालविणे त्यामुळे सुकर झाले. पवईच्या संस्थेतही पुढे एलडीएपीवरील एकच ओळख विविध सेवांसाठी वापरली जाऊ लागली. दरम्यान १९९५ मध्ये मायएसक्यूएल हा डेटाबेस आला. १९९८ मधील पोस्टफिक्स व २००२ मधील डव्हकॉट या प्रणालींत टपालाचे खाते संगणकाच्या खात्यापासून वेगळे ठेवता येते. ही यादी फाइल, डेटाबेस किंवा एलडीएपी यांपैकी कोठूनही घेता येते.

विवेचन

हा क्रम जुन्याकडून नव्याकडे जाणारा असला, तरी नवे ते सर्वत्र योग्य असे म्हणता येत नाही. गोंदिया जिल्ह्यातील केशोरीसारख्या गावी एखाद्या संस्थेने पन्नासेक खात्यांचा एकच सर्व्हर चालवायचे ठरविल्यास स्वतंत्र फाइल पुरेशी आहे. डेटाबेस बंद पडला की टपालही अडते, आणि तो दुरुस्त करणारा जवळपास असेलच असे नाही. दरवर्षी शेकडो विद्यार्थ्यांची खाती उघडावी व मिटवावी लागत असतील, तर डेटाबेस उपयुक्त ठरतो. ग्रंथालय, प्रयोगशाळा व टपाल यांना एकच ओळख हवी असेल, तर एलडीएपी. मात्र टपाल स्वीकारणारी व पेटी उघडणारी प्रणाली एकच यादी वाचत असली पाहिजे. अन्यथा निवृत्त व्यक्तीचे खाते मिटूनही तिच्या नावे टपाल स्वीकारले जाते.

निष्कर्ष

खातेदारांची यादी म्हणजे संस्थेत कोण आहे याचे दप्तरच होय. फाइलीतून डेटाबेसमध्ये पुढे जाता येते. परंतु ज्याने व्यवस्था उभारली त्याची बदली झाल्यावर यादी कोणालाच उलगडत नसेल, तर संस्था आपल्याच पत्रव्यवहाराला मुकते. म्हणून निवड करताना तंत्राच्या नवेपणापेक्षा उत्तराधिकाऱ्याला ती यादी वाचता व सांभाळता येईल का, हा निकष अधिक महत्त्वाचा ठरतो.