‘नसेल तर’चा इतिहास : चिनी घरांतले पाश्चात्त्य पदार्थ

या व्याख्यानमालेत आपण बंदरं, तह, व्यापारी कंपन्या यांच्याविषयी पुष्कळ बोललो. आज त्याच बंदरांवरून जरा आत, घराच्या स्वयंपाकघरात जायचंय. विषय आहे चिनी घरांत शिजणारे पाश्चात्त्य पदार्थ आणि त्याच्या उलटही. आम्ही आयुष्यभर तत्त्वज्ञान शिकवलं, त्यामुळे इतिहास सांगतानाही एक प्रश्न मधे मधे डोकावणार : एखादा पदार्थ ‘अस्सल’ आहे असं आपण म्हणतो, म्हणजे नेमकं काय म्हणतो?

सुरुवात शांघायपासून करू. तिथल्या घराघरांत एक सूप होतं, त्याचं नाव ‘लुओसोंग तांग’. तांग म्हणजे सूप आणि लुओसोंग म्हणजे ‘रशियन’ या शब्दाचंच चिनी तोंडी बसलेलं रूप. १९१७च्या क्रांतीनंतर हजारो रशियन निर्वासित हार्बिनला आणि शांघायला आले. त्यांच्याबरोबर त्यांचं बोर्श आलं. बोर्श म्हणजे बिटाचं लालभडक सूप, वर आंबट सायीचा गोळा. आता शांघायच्या घरात काय झालं बघा. बीट गेलं, त्याच्या जागी टोमॅटो आला. आंबट साय गेली. कोबी, बटाटा, गोमांस राहिलं आणि चवीला साखर पडली, कारण शांघायच्या जिभेला थोडं गोड लागतंच. बीट नाही, साय नाही, तरी नाव ‘रशियन सूप’!

‘मिलिंदप्रश्न’ आपल्यापैकी अनेकांना माहीत असेल. भिक्खू नागसेन राजा मिलिंदाला विचारतो, रथ म्हणजे चाकं का? आस का? जू का? राजा प्रत्येक वेळी नाही म्हणतो. मग रथ कुठे आहे? शेवटी राजाच उत्तर देतो, की ‘रथ’ हे या सगळ्याच्या जुळणीला दिलेलं व्यवहारातलं नाव आहे. आम्हाला वाटतं, पदार्थाचंही तसंच असतं. आणि ही जुळणी कोण करतं? तर त्या दिवशी घरात जे आहे त्यावर भागवणारी व्यक्ती.

पण ही देवाणघेवाण विसाव्या शतकात सुरू झाली असं समजू नका. पोर्तुगीज मकावला १५५७च्या सुमारास स्थिरावले. पुढे १७९२ साली युआन मेई या कवीचं ‘सुइयुआन शिदान’ हे पाकशास्त्रावरचं पुस्तक आलं. त्यात यांग नावाच्या एका बड्या अधिकाऱ्याच्या घरच्या ‘पाश्चात्त्य पापडी’ची कृती आहे. अंड्याचा पांढरा बलक आणि मैदा एकत्र कालवायचा, तांब्याच्या चिमट्यासारख्या साच्यात पातळ पसरायचा, विस्तवावर क्षणभर दाबून धरायचा. वर खडीसाखर आणि चिलगोज्यासारख्या बिया. गंमत म्हणजे ही कृती चिनी फराळाच्या प्रकरणात, बाकीच्या पदार्थांच्या रांगेत निवांत बसलेली आहे. परदेशी आहे म्हणून तिला वेगळं पान नाही.

१८६६मध्ये मात्र शांघायला वेगळ्या जातीचं पुस्तक छापलं गेलं. मार्था क्रॉफर्ड या अमेरिकन मिशनरी बाईंनी चिनी भाषेत परदेशी स्वयंपाकाचं पुस्तक तयार केलं. गोऱ्या कुटुंबांकडे कामाला असलेल्या चिनी आचाऱ्यांना शिकवायला ते होतं. म्हणजे युआन मेईकडे पाहुणा म्हणून आलेला पदार्थ इथे मालकिणीचा हुकूम म्हणून आला. इतिहासात हा फरक विसरून चालत नाही. पदार्थ नुसते ‘प्रवास’ करत नाहीत, कुणीतरी कुणाकडून तरी ते करवून घेत असतं. आणि त्या आचाऱ्यांची नावं आपल्याला बहुतेक मिळत नाहीत.

आता गोडाकडे येऊ. केक, टार्ट यांना ओव्हन लागतो. साधारण चिनी घरात ओव्हन नव्हताच. चूल, खोलगट कढई आणि वाफवायची बांबूची टोपली, एवढंच. त्यामुळे अंड्याचं टार्ट गुआंगझौ आणि हाँगकाँगच्या दुकानांतून, चहाघरांतून विकत आणायचं आणि घरात गोड करायचं तर ते वाफेवर. कँटनी लोकांचा ‘मा लाई गाओ’, म्हणजे ‘मलय केक’, असाच टोपलीत वाफवतात. यात आपल्याला नवल वाटायला नको. आपल्याकडेही ओव्हन नव्हता तेव्हा कुकरमध्ये वाळू घालून केक झालेच की! गोव्यात बेबिंका एकेक थर करून, वर निखारे ठेवून भाजली. मकावच्या पोर्तुगीज वंशाच्या घरांतही बेबिंका आहे, पण ती नारळाच्या दुधाची, खरवसासारखी मऊ. थरबीर काही नाहीत. नाव एकच, वस्तू दोन. रशियन सूपात मूळचे घटक सुटले तरी नाव टिकलं होतं; इथे नाव जहाजावरून फिरलं आणि वस्तू प्रत्येक बंदराच्या चुलीप्रमाणे घडली.

शांघायला परत येऊ, कारण खरी परीक्षा टंचाईत झाली. १९५०नंतर तेल, धान्य कूपनांवर मिळू लागलं. तरीही सणाला, पाहुण्याला तळलेलं पोर्क कटलेट आणि बटाट्याचं सॅलड करण्याची हौस घरांनी सोडली नाही. पावाचा चुरा नसेल तर सोडा बिस्किटं लाटण्याखाली चुरायची. तयार मेयॉनेज नसेल तर अंड्याच्या पिवळ्या बलकात थेंब थेंब तेल सोडत हाताने घोटत बसायचं. कूपनावरचं तेल सॅलडसाठी खर्च करणं ही साधी गोष्ट नव्हे. एक राहणी पुसली जात असताना तिचा एक कोपरा ताटात जपून ठेवणं होतं ते.

उलट दिशेने पाहू. बुवेई यांग चाओ या जपानमध्ये शिकलेल्या चिनी डॉक्टर. अमेरिकेत राहून त्यांनी चिनी स्वयंपाकाचं इंग्रजी पुस्तक लिहिलं, ते १९४५ला आलं. त्यांचं इंग्रजी बेताचंच. भाषांतर मुलीने केलं आणि नवरा, भाषाशास्त्रज्ञ युएन रेन चाओ, त्यात ढवळाढवळ करत राहिला. यावरून घरात झालेल्या कुरबुरी बाईंनी प्रस्तावनेत नोंदवल्यात. इंग्रजीतला ‘स्टर-फ्राय’ हा आज सर्वतोमुखी झालेला शब्द या पुस्तकातून रुळला. अमेरिकन बाजारात चिनी जिन्नस मिळत नसताना काय करायचं, याचा विचार त्यात जागोजागी आहे. पुन्हा तेच : ‘नसेल तर’.

आता कुणी म्हणेल, हे सगळं तिकडचं. आपलं अन्न शुद्ध आहे. बरं, उपवासाचं ताट घ्या. साबुदाणा ज्या कंदापासून होतो तो कंद, बटाटा, मिरची, शेंगदाणा – चौघेही मूळचे अमेरिका खंडातले. आपल्याकडच्या सर्वांत सोवळ्या ताटात त्यांना मानाचं पान आहे. याने आपला उपवास मोडत नाही. मोडते ती ‘हे आमचं अनादी काळापासूनचं’ ही समजूत.

म्हणून आमचं म्हणणं असं, की ‘अस्सल कोणतं?’ या प्रश्नातून इतिहास फारसा हाती लागत नाही. कुणी केलं, कुणासाठी केलं, काय नव्हतं आणि त्याऐवजी काय घातलं, हे विचारलं की लागतो. निर्वासित, नोकर, टंचाईतली गृहिणी, परदेशी गेलेली आई, ही सगळी माणसं तिथे भेटतात. राजांच्या बखरींत ती नाहीत.

ऐकणाऱ्यांना एकच विनंती. आईच्या, आजीच्या, आत्याच्या कृती तुम्ही वहीत उतरवून घेत असाल, तर त्या ‘नीट’ करू नका. ‘लोणी नसेल तर डालडा’, ‘ओव्हन नसेल तर वाळू’ अशी ओळ आली तर ती तशीच राहू द्या, आणि शेजारी साल लिहा. इतिहासकाराला उद्या तीच ओळ हवी असणार आहे.