हाफिजा आणि महफूज

उर्दूच्या तासाला मी मुलांना सांगतो, ‘हाफिजा’ म्हणजे स्मरणशक्ती आणि ‘महफूज’ म्हणजे सुरक्षित. दोन्ही शब्द एकाच अरबी धातूचे. संगणकात मात्र लक्षात असणे वेगळे, जपून ठेवणे वेगळे.

१ मे १९६४ च्या पहाटे अमेरिकेतील डार्टमथ कॉलेजात जॉन केमेनी आणि थॉमस कर्ट्झ यांची ‘बेसिक’ भाषा जनरल इलेक्ट्रिकच्या संगणकावर प्रथम चालली. त्याआधी कार्डांना भोके पाडून गठ्ठा द्यायचा आणि उत्तराची वाट पाहायची. इथे अनेक विद्यार्थी, अगदी कला शाखेचेही, टेलिटाइपवरून एकाच वेळी तेच यंत्र वापरू लागले. ‘न्यू’ टंकले की कोरी पाटी. लिहिलेला प्रोग्राम तेवढ्या कामापुरता. ‘सेव्ह’ टंकले की तो नावानिशी डिस्कवर जाई. पुढे ‘ओल्ड’ म्हणून नाव सांगितले की परत समोर. ‘सेव्ह’ विसरला, की मेहनत पाण्यात.

मागे एकदा ऐन वेळी वीज गेली आणि माझी अख्खी प्रश्नपत्रिका उडाली. ती रात्री पुन्हा लिहिताना आठवेना. तेव्हापासून पाठांतर घेतले, तरी मुलांना म्हणतो, बाळांनो, वहीतही उतरवा. हाफिजा दगा देतो.